घरच्या ड्रम रेकॉर्डिंगवर कॉम्प्रेसर: बटण स्नेअरचं, कान सिंबलवर

घरी ड्रम रेकॉर्ड करणाऱ्यांची पहिली तक्रार जवळपास ठरलेली असते. वाजवताना खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि हेडफोनवर ऐकलं तर सगळं मिळमिळीत, लांब कुठेतरी वाजत असल्यागत. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘कॉम्प्रेसर लाव.’ कॉम्प्रेसर म्हणजे मोठे आवाज आपोआप दाबणारं साधन. तो लावला की स्नेअर (ड्रमरच्या समोरचा कडक आवाजाचा ड्रम) थोडा पुढे येतो खरा, पण सोबत हायहॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) कान खायला लागतो आणि आजवर कधी लक्षात न आलेला बेडरूमचा घुमारा बाहेर पडतो.

यात कॉम्प्रेसरचा दोष नाही. तो आपलं काम चोख करतो, फक्त ते काम ड्रमपुरतं मर्यादित राहत नाही. मोठ्या स्टुडिओत दहा-बारा माईक, उंच छत आणि आवाज शोषून घेणाऱ्या भिंती असतात. आपल्याकडे दोन किंवा चार माईक, डोक्यावर नऊ-दहा फुटांवर स्लॅब आणि बाजूला लोखंडी कपाट. प्रत्येक माईकात किटमधला प्रत्येक आवाज शिरलेला असतो, वर खोलीही शिरलेली असते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी: बटण स्नेअरचं फिरवत असलो तरी कान सिंबलवर ठेवायचे. सिंबल बिघडायला लागले की तिथून थोडं मागे यायचं. तुमच्या खोलीत तेवढाच कॉम्प्रेसर परवडतो.

आधी हिशोब

कॉम्प्रेसर कसा चालतो हे कळायला मंडपातला साउंडवाला डोळ्यांसमोर आणा. निवेदक माईकवर ओरडला की त्याचा हात फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो, आवाज उतरला की पुन्हा वर नेतो. किती मोठा आवाज झाल्यावर हात हलवायचा, तो थ्रेशोल्ड. किती खाली ओढायचं, तो रेशो. ओरडल्यापासून फेडर खाली येईपर्यंत किती वेळ जातो, तो अटॅक. आवाज उतरल्यावर फेडर जागेवर यायला किती वेळ लागतो, तो रिलीज. मेकअप गेन म्हणजे हे सगळं झाल्यावर एकूण आवाज पुन्हा वाढवणं. आणि गेन रिडक्शनचा मीटर सांगतो की या क्षणी आवाज किती डीबीने (डेसिबलने) दाबला गेलाय. नवख्याने सगळ्यात जास्त बघायचा तो हाच मीटर.

आता आकडे घालून बघू. सॉफ्टवेअरमध्ये शून्य ही कमाल पातळी असते, त्याखालचं सगळं उणेमध्ये मोजतात. स्नेअरच्या ट्रॅकवर थ्रेशोल्ड उणे २० डीबी आणि रेशो ४:१ ठेवलाय. जोरदार ठोका उणे ८ वर येतो, म्हणजे थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर. ४:१ च्या हिशोबाने त्या १२ चे ३ उरतात आणि ठोका उणे १७ वर बसतो. हलका ठोका उणे १४ वर आला तर ६ चे दीड उरतात, तो उणे साडेअठरावर बसतो. दोन ठोक्यांतला ६ डीबीचा फरक दीड डीबीवर आला. इथवर सगळं छान.

पण ठोका ९ डीबीने खाली गेला म्हणून आपण मेकअप गेनने ९ डीबी परत देतो. त्याच स्नेअर माईकात हायहॅट उणे ३० वर शिरलेला होता. तो थ्रेशोल्डच्या खाली असल्यामुळे त्याला कुणी दाबलं नाही, मात्र मेकअप त्यालाही मिळाला आणि तो उणे २१ वर आला. आधी जोरदार ठोका आणि हायहॅट यांच्यात २२ डीबीचं अंतर होतं, आता उरलं १३. घरच्या रेकॉर्डिंगचा सगळा झगडा या ९ डीबींमध्ये आहे. हे एकदा कागदावर मांडून पाहिलं की पुढच्या बऱ्याच पायऱ्या आपोआप कळतात.

पायरी १: कॉम्प्रेसरच्या आधीचं काम

हा भाग वगळून थेट प्लगइनकडे (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लावायच्या कॉम्प्रेसरकडे) जायचा मोह होतो. जाऊ नका.

माईकात शिरणारा हायहॅट कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय ड्रमरच्या मनगटात आहे. हायहॅट स्टिकच्या खांद्याने न मारता टोकाने वाजवा, स्नेअर मात्र भरपूर मारा. लहान खोलीत क्रॅश (मोठा सिंबल) जिवाच्या आकांताने मारण्यात अर्थ नसतो, छत लगेच तो आवाज परत खाली फेकतं. मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. मोबाइलचा माईक स्वतःच आवाज दाबतो, त्यामुळे तिथे सिंबल फार पुढे येत असतील तर कॉम्प्रेसरखाली काय होणार याची कल्पना आधीच येते.

खोलीसाठी महागडा फोम घेण्याची घाई करू नका. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, खालचा घुमारा तसाच राहतो. किटखाली जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला उभी गादी, कपाटावर गोधडी आणि जमलं तर ओव्हरहेड माईकच्या (किटच्या वर लावलेल्या माईकच्या) बरोबर वर, छताखाली दोरीने ताणलेली एखादी जाड रजई. स्लॅबवरून परत येणारा आवाज एवढ्याने बराच मोडतो.

आणि शेजारी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खऱ्या ड्रमकिटचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या पार जातो. तेव्हा दुपारची झोप संपल्यानंतरची वेळ गाठा आणि सोसायटीच्या ग्रुपवर आधी मेसेज टाका. अमुक वाजता थांबणार असं लिहिलं तर लोक सहसा सोसतात.

पायरी २: माईक, आणि एक सुतळी

पुढचं सगळं चार माईकांच्या बेताने लिहिलं आहे: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर आणि दोन ओव्हरहेड. बेहरिंगरच्या यूएमसी ४०४ एचडीसारख्या इंटरफेसला (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्याला) चार माईक लावता येतात. स्नेअरला शुअर एसएम ५७ किंवा तसाच कुठलाही डायनॅमिक, किकला मोठ्या पडद्याचा डायनॅमिक, वर दोन कंडेन्सर. कंडेन्सर माईकना बाहेरून वीज लागते, तेव्हा ४८ व्होल्टचं फँटम पॉवर सुरू करायला विसरू नका. दोनच माईक घेणारा इंटरफेस असेल तरी काम होतं: एक किकला, एक वर.

ओव्हरहेड लावायची ग्लिन जॉन्स या इंग्लिश इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत कमी माईकवाल्यांना फार सोयीची आहे. एक माईक स्नेअरच्या वर, साधारण मीटरभर उंचीवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, त्याच्या काठापेक्षा थोडा वर, स्नेअर आणि हायहॅटकडे तोंड करून. अट एकच, दोन्ही माईक स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं पहिल्या माईकपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या माईकपर्यंत पोचते का बघा.

आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माईक तेवढाच लांब राहिला तरी त्यात स्नेअर उशिरा पोचतो, दोन लाटा एकमेकींना काही ठिकाणी खोडतात आणि स्नेअरचं भरीवपण जातं. ते गेलं की कुठल्याही कॉम्प्रेसरने परत येत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये सगळं मोनो करून स्नेअर आणि किकच्या ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) आळीपाळीने उलटवून बघा. ज्या बाजूला खालचा आवाज जास्त भरतो ती बाजू ठेवा.

पायरी ३: रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर बंद

रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा. गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून घ्या आणि गेन असा लावा की शिखरं उणे १२ ते उणे १० च्या आसपास राहतील. चाचणीच्या वेळी हळू मारणारा ड्रमर गाणं सुरू झालं की दुप्पट जोराने मारतो, हे गृहीत धरूनच ही जागा मोकळी ठेवायची. लाल दिवा लागेपर्यंत गेन चढवायची सवय टेपच्या काळातल्या सल्ल्यांमधून आली आहे. २४ बिटमध्ये तिची काही गरज नाही.

आणि येताना वाटेत कॉम्प्रेसर नको. मोठे इंजिनिअर रेकॉर्ड करतानाच दाबतात, हे खरं. त्यांना खोली पाठ असते आणि चुकलं तर दुसरा टेक घ्यायला ड्रमर समोर बसलेला असतो. आपल्याकडे शेजाऱ्यांनी दिलेले दोन तास असतात. दाबून रेकॉर्ड केलेला ट्रॅक मोकळा करता येत नाही, मोकळा ट्रॅक मात्र हवा तेव्हा दाबता येतो.

छोटा मिक्सर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. यामाहाच्या एमजी मालिकेतल्या काही मिक्सरवर चॅनेलमागे एक बटणाचा कॉम्प्रेसर असतो. यूएसबीतून फक्त दोन चॅनेलचा मिक्स बाहेर पडत असेल तर त्या बटणाचा परिणाम कायमचा छापला जातो. बटण पूर्ण डावीकडे ठेवा.

कॉम्प्रेसरचा डबा विकत घ्यावा का, हाही प्रश्न येतो. एफएमआर ऑडिओचा आरएनसी हा स्वस्तातला चांगला म्हणून नावाजलेला डबा आहे. पण बजेट बेताचं असताना ते पैसे नवीन ड्रमहेड, एक दणकट बूम स्टँड आणि चांगल्या केबलींवर घालावेत असं माझं मत आहे. जुन्या, खड्डे पडलेल्या हेडला कुठलाही कॉम्प्रेसर वाचवत नाही. प्लगइनमध्ये तर फुकटात उत्तम गोष्टी मिळतात. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत रीआकॉम्प हा कॉम्प्रेसर येतोच (रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरचा), शिवाय टोकियो डॉन लॅब्सचा कोटेलनिकोव्ह आणि क्लांगहेल्मचा डीसी१ए हे दोन्ही मोफत आहेत. शिकायला मात्र रीआकॉम्प बरा. दिसायला रुक्ष आहे, पण सगळे आकडे उघडे दिसतात. त्यातला आपोआप मेकअप देणारा पर्याय बंद असल्याची खात्री करा, का ते पुढे येईलच.

पायरी ४: स्नेअर

इथे वेळ घालवा. स्नेअरवर जे शिकाल ते बाकी सगळीकडे वापरता येतं.

गाण्यातला एक चार-आठ मात्रांचा तुकडा लूपवर लावा, ज्यात स्नेअर, हायहॅट आणि किमान एक क्रॅश आहे. सोलो करून (फक्त स्नेअरचा ट्रॅक ऐकत) सुरुवात करायला हरकत नाही, पण दर थोड्या वेळाने बाकी ट्रॅक सुरू करून ऐका.

रेशो ४:१ वर ठेवा आणि तो विसरून जा. नवखे लोक रेशोशी खेळत बसतात. ड्रमचा चेहरामोहरा ठरतो तो अटॅक आणि रिलीजने. अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज १०० मिलिसेकंद करा. आता थ्रेशोल्ड मुद्दाम जास्त खाली ओढा, मीटरवर १५ डीबी रिडक्शन दिसेपर्यंत. आवाज भयाण होईल. होऊ दे, सध्या बटणांचा परिणाम स्वच्छ ऐकू यायला हवा.

अटॅक हळूहळू कमी करा: ३०, २०, १०, ५, १. स्टिक कातड्याला लागते तो ‘टक’ पहिल्या काही मिलिसेकंदांतच होऊन जातो. अटॅक ३० असतो तेव्हा कॉम्प्रेसरचा हात पोचेपर्यंत तो टक निसटलेला असतो आणि मागचं अंग दाबलं जातं, त्यामुळे ठोका टोकदार वाटतो. अटॅक १ वर आला की टकच दाबला जातो, ठोका बोथट होऊन मागे सरकतो आणि त्यामागून खोलीची शेपटी वर येते. टक मंदावायला लागला त्या जागेपासून थोडं मागे या. बहुतेक वेळा हा आकडा १० ते २५ च्या मध्ये कुठेतरी सापडतो.

आता रिलीज. गाण्याची लय मिनिटाला १०० असेल तर ६०,००० भागिले १०० म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंद, अर्धी ३००, पाव १५०. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये १२०० मिलिसेकंद आहेत. मीटरचा काटा पुढचा ठोका पडायच्या आत शून्यावर यायला हवा, एवढं सगळे सांगतात. पण त्या मधल्या जागेत हायहॅट काय करतोय ते बघा. तो अर्ध्या मात्रेवर असेल तर स्नेअरनंतरचा पहिला हायहॅट ३०० मिलिसेकंदांनी येतो. रिलीज ६० ठेवला तर तोवर कॉम्प्रेसरने हात सोडलेला असतो आणि हायहॅट पूर्ण ताकदीने वर येतो. रिलीज २५०-३०० कडे नेला तर तो हायहॅट अजून थोडा दाबलेला राहतो.

म्हणून घरच्या स्नेअर ट्रॅकवर मी रिलीज पुस्तकातल्यापेक्षा लांब ठेवायला सांगेन. लांबवताना एक किंमत मोजावी लागते: ठोक्यांच्या मधले हलके, नाजूक ‘घोस्ट नोट’ही दाबले जातात. गाण्यात ते महत्त्वाचे असतील तर रिलीज परत आखडा आणि सिंबलचं दुखणं गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज उतरवणाऱ्या प्लगइनने) आवरा.

अटॅक-रिलीज जमले की थ्रेशोल्ड वर न्या, जोरदार ठोक्याला ४ ते ६ डीबी रिडक्शन दिसेल इतपत. घरच्या रेकॉर्डिंगला एवढं पुष्कळ.

गेट वापरायचं तर ते कॉम्प्रेसरच्या आधी लावा. मघाचा हिशोब आठवा: आधी ठोका आणि हायहॅट यांच्यात २२ डीबीचं अंतर होतं, कॉम्प्रेसरनंतर १३. गेटला ठोका आणि हायहॅट वेगळे ओळखायला जेवढं अंतर जास्त तेवढं सोपं. गेट पूर्ण बंद होईल असंही ठेवू नका, १०-१२ डीबी खाली उतरलं तरी भागतं. पूर्ण बंद केलं तर प्रत्येक ठोक्याबरोबर हायहॅटचा तुकडा उघडतो आणि मिटतो, आणि ते फार लवकर कानात भरतं.

स्नेअरच्या माईकात शिरलेल्या किकमुळे कॉम्प्रेसर विनाकारण हलत असेल तर रीआकॉम्पमध्ये मोजणीच्या बाजूचा हायपास फिल्टर आहे. तो १५०-२०० हर्ट्झवर न्या. आवाजातून काही कापलं जात नाही, फक्त कॉम्प्रेसर किककडे दुर्लक्ष करतो.

शेवटी तुलना, आणि ती बरोबरीच्या आवाजावर. माणसाच्या कानाला जरा मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून आपोआप मेकअप बंद ठेवायला सांगितलं. प्लगइन चालू आणि बंद या दोन्ही वेळी स्नेअर सारख्याच जोराचा ऐकू येईल असा आउटपुट लावा आणि डोळे मिटून चालू-बंद करा. फरक चांगला वाटला नाही तर काढून टाका. कॉम्प्रेसर न लावणं हाही निर्णयच आहे.

पायरी ५: किक

किकचं बरंचसं स्नेअरसारखंच: ४:१, अटॅक २०-३०, रिडक्शन ४ ते ६. फरक रिलीजमध्ये. किकचा खालचा आवाज ६० हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याची एक लाट साधारण १७ मिलिसेकंदांची असते. रिलीज १०-२० वर आणला तर कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेवर पकडतो आणि सोडतो, आवाज खरखरीत होतो. काहींना ती खरखर आवडते, पण ती नकळत नको. १०० पासून सुरुवात करा. किक आधीच एकसारखी वाजवली असेल तर इथे काहीच लावू नका. किकच्या पोटात उशी कोंबून घुमारा आवरणं हा आधीचा उपाय, कॉम्प्रेसर त्यानंतर.

पायरी ६: ओव्हरहेड

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ओव्हरहेडमध्ये पूर्ण किट असतं. स्नेअर पडला की कॉम्प्रेसर सगळंच खाली खेचतो आणि हात सोडला की क्रॅश आणि खोली फुगून वर येतात. वाजत असलेला क्रॅश दर स्नेअरला आत-बाहेर व्हायला लागला, की समजा हद्द झाली.

२:१, अटॅक ३० किंवा जास्त, रिलीज १५० च्या पुढे, रिडक्शन २-३ डीबी. त्यापलीकडे गेलात तर कारण हवं. दोनच माईक असतील तर ओव्हरहेड हेच तुमचं किट आहे, तेव्हा हेच आकडे अधिक काटेकोरपणे पाळा. दोन ओव्हरहेड असतील तर दोन्ही ट्रॅक एका स्टिरिओ बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलवर) आणून एकच कॉम्प्रेसर लावा. वेगवेगळे लावले तर एका बाजूला जोराचा ठोका पडला की डाव्या-उजव्या स्पीकरमधलं किटचं चित्र दुसऱ्या बाजूला सरकतं.

खोलीचा आवाज दाबून मोठा करण्याची युक्ती जगभर पसरली ती लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतून. १९७९ साली पीटर गॅब्रिएल या ब्रिटिश गायकाच्या तिसऱ्या अल्बमच्या कामात फिल कॉलिन्स ड्रमवर होता, इंजिनिअर होता ह्यू पॅडगम. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून खोलीत एक माईक असतो. एसएसएल कंपनीच्या कन्सोलमध्ये (मोठ्या मिक्सरमध्ये) त्या माईकवर जबरदस्त कॉम्प्रेसर होता. त्यातून ड्रम ऐकू आले आणि सगळे थक्क झाले. पुढे गेटने शेपटी कापून १९८०च्या दशकातला तो प्रसिद्ध ड्रमचा आवाज तयार झाला. पण ध्यानात घ्या, कॉम्प्रेसरने तिथे दगडी भिंतींची, घुमणारी खोली मोठी केली. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये हीच युक्ती केली तर दहा बाय बाराची बेडरूमच मोठ्याने ऐकू येईल.

पायरी ७: ड्रम बस आणि जोडीचा ट्रॅक

सगळे ड्रम एका बसवर आणा. तिथे २:१ किंवा ४:१, अटॅक १० ते ३०, रिलीज १०० ते ३००, रिडक्शन जेमतेम २ डीबी. एसएसएलच्या गाजलेल्या बस कॉम्प्रेसरवर अटॅकचे खटके ०.१, ०.३, १, ३, १० आणि ३० मिलिसेकंदांचे आहेत, आणि ड्रमवर बहुतेक जण शेवटच्या दोनांतलाच एक पकडतात. किक पडली की सगळे सिंबल खाली जात असतील तर मोजणीच्या बाजूचा हायपास १०० हर्ट्झच्या आसपास आणा.

एवढं करूनही ड्रम अंगावर येत नसतील तर जोडीचा ट्रॅक करा, म्हणजे ज्याला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार. किक आणि स्नेअर (शक्यतो ओव्हरहेड वगळून) एका वेगळ्या बसवर पाठवा, तिथे १०:१ चा रेशो आणि १५ डीबीपर्यंत रिडक्शन होऊ द्या, मग फेडर अगदी तळापासून हळूहळू उचला. ऐकू येतोय असं जाणवलं की थोडा खाली घ्या. मूळ ठोका जसाच्या तसा राहतो, खालून नुसतं अंग भरतं. या बसवर कॉम्प्रेसरनंतर इक्वलायझरने ६-७ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापून टाका, म्हणजे दाबल्यामुळे वर आलेला हायहॅट तिथेच अडतो. छोट्या खोलीतल्या रेकॉर्डिंगला या एका कापण्याचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशाचा होत नाही.

या कामासाठी बरेच जण ११७६ या जुन्या कॉम्प्रेसरची प्लगइन नक्कल घेतात. १९६७ साली बिल पुटनमने बाजारात आणलेल्या या कॉम्प्रेसरचं अटॅकचं बटण उलटं चालतं: घड्याळाच्या दिशेने फिरवलं की वेग वाढतो. शिवाय त्याचा सगळ्यात संथ अटॅकही ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या आतला. वरचे ३० मिलिसेकंदांचे आकडे त्यावर शोधू नका, मिळणार नाहीत.

बिघडलं कुठे, ते कसं ओळखायचं

स्नेअर मऊ पडून मागे गेला: अटॅक फार वेगवान आहे. प्रत्येक ठोक्यानंतर फुस्सकन खोली वर येते: रिलीज फार आखूड, किंवा रिडक्शन जास्त. सगळं किट दमल्यासारखं, एकाच पातळीवर चाललंय: काटा शून्यावर परत येतच नाही, रिलीज आखडा किंवा थ्रेशोल्ड वर न्या. किक खरखरते: रिलीज लांबवा. दोन-चार ठोकेच इतरांपेक्षा फार मोठे आहेत: कॉम्प्रेसरच्या मागे लागू नका, त्या ठोक्यांचा आवाज ट्रॅकवरच हाताने ३-४ डीबी उतरवा आणि मग थ्रेशोल्ड लावा. सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, आणि कॉम्प्रेसरला निम्मंच राबावं लागतं.

कानाला काहीच फरक कळत नसेल तर कान थकलेत. ड्रम ऐकताना ते लवकर थकतात. चहा घेऊन या आणि कमी आवाजावर ऐका. कमी आवाजावर स्नेअर आणि सिंबल यांचं प्रमाण जास्त स्पष्ट कळतं. मग एकदा मोबाइलच्या स्पीकरवर वाजवा. तिथे किक जवळपास नसतेच, त्यामुळे हायहॅट किती पुढे आलाय हे लपत नाही.

इलेक्ट्रॉनिक किटवाल्यांसाठी दोन ओळी

फ्लॅटमध्ये खरं किट शक्य नाही म्हणून बरेच जण इलेक्ट्रॉनिक किट घेतात. तिथे ब्लीड (एकाच्या माईकात दुसऱ्याचा आवाज शिरणं) नाही, खोली नाही, म्हणजे वरची निम्मी डोकेदुखी गेली. मात्र मॉड्यूलमधले तयार आवाज बहुतेक वेळा आधीच दाबून, घासून-पुसून दिलेले असतात. त्यांच्यावर पुन्हा ६ डीबी चढवले तर टक निघून जातो आणि सगळे ठोके एकाच साच्यातले वाटायला लागतात. आधी मॉड्यूलच्या मेन्यूत जाऊन त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर बंद करा, मिडीही (आवाजाऐवजी ठोका कधी आणि किती जोराने पडला याची नोंद) सोबत रेकॉर्ड करून ठेवा आणि ठोके कमी-जास्त वाटले तर मिडीमध्येच व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) सारखी करून घ्या.